तान्ह्या बाळाचं भगंदर

सात महिन्यांचा मुलगा. शीच्या जागेशेजारी हरभऱ्याएवढं गळू, तिसऱ्यांदा फुटलेलं. आई गप्प होती, बोलत होत्या त्या आजी. "डॉक्टर, हिनं पथ्य पाळलं नाही. उष्ण खाल्लं, ते दुधातून उतरलं."

मी आधी तेवढंच मिटवलं. "आजी, याचा दुधाशी काही संबंध नाही." गुदद्वाराच्या आत बारीक खाचा असतात. काही बाळांत त्या जन्मतःच जरा खोल असाव्यात. तिथे जंतुसंसर्ग झाला की पू साचतो आणि कातडीकडे वाट काढतो. गळू फुटल्यावरही ती वाट उघडी राहिली, की त्यालाच भगंदर म्हणतात. वर्षाच्या आत हा त्रास बहुतेक मुलग्यांनाच होतो.

भगंदर म्हटल्यावर आईच्या डोळ्यांत पाणी आलं. बाळाच्या आजोबांचं ऑपरेशन दोनदा झालं होतं. पण मोठ्यांचं भगंदर सहसा आपोआप बरं होत नाही, तान्ह्या बाळाचं मात्र पुष्कळदा काही महिन्यांत बुजतं. सुरुवातीच्या वर्षांत मीही अशा बाळांना अँटिबायोटिकचे कोर्सवर कोर्स दिले. गळू बसायचं, महिन्याने परत यायचं. मधल्या काळात जुलाब होऊन तीच जागा लालभडक व्हायची. ती चूक माझीच.

आता बाळ खेळतंय, पितंय, ताप नाही, तर मी एवढंच सांगतो : शी झाली की कोमट पाण्यात बसवा, जागा कोरडी ठेवा, दिवसातून थोडा वेळ डायपर काढा. गळू पिळू नका, लेप लावू नका. मोठं, ठणकणारं असेल तर चिरा देऊन पू काढावा लागतो. महिनोन्‌महिने वाहतच राहिलं, तर लहान मुलांचे सर्जन छोट्या ऑपरेशनने ती वाट मोकळी करतात.

मात्र बाळ तीन महिन्यांच्या आतलं असेल, ताप असेल, दूध सोडलं असेल किंवा लाली पसरत असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. दोन-तीन वर्षांपुढच्या मुलाला हे झालं, तर माझा विचार बदलतो. वजन वाढत नसेल, शीतून रक्त जात असेल, तर आतड्याचा क्रोन्स आजार, क्षयरोग, प्रतिकारशक्तीतला दोष, हे सगळं तपासावं लागतं.

हा मुलगा मधे एकदा सर्जनना दाखवला. त्यांनीही थांबायलाच सांगितलं. पहिल्या वाढदिवसानंतर आई त्याला लसीसाठी घेऊन आली. मी विचारायच्या आधीच तिने लंगोट सोडला. जागा कोरडी होती, एक बारीकसा डाग तेवढा उरलेला. आजी खाली रिक्षात थांबल्या होत्या.