सारनाथला कासव ओळखायला शिकलो

धामेक स्तूपापुढे त्रिशरण-पंचशील झाले. नोव्हेंबर १९५६ मध्ये, महापरिनिर्वाणापूर्वी काही दिवसच, बाबासाहेब या भूमीवर येऊन गेले. हे आम्ही मुलांना सांगत होतो, तेवढ्यात आमच्या वस्तीतल्या सहावीतल्या मुलीने पिशवीतून प्लॅस्टिकचा डबा काढला. आत तळहाताएवढे हिरवे कासव! मुंबईपासून ते महानगरीने आमच्याबरोबर आले आणि कुणाला पत्ता नाही. टबात मावेना म्हणून तिची आजी म्हणाली होती, "गंगेत सोड, जीवदान दे." आम्हालाही ते पटले. पहिलेच शील प्राणिहिंसेपासून दूर राहण्याचे.

सारनाथलाच वनखात्याचे कासव केंद्र आहे. आपल्या सहली सहसा तिकडे वळत नाहीत. १९८६ मध्ये गंगा शुद्धीकरणाची योजना सुरू झाली. अर्धवट जळालेली प्रेते खाणारी कासवे नदीत वाढावीत म्हणून तिच्यातूनच हे केंद्र निघाले. चंबळकाठची अंडी आणायची, वाळूत उबवायची, पिल्ले मोठी करून गंगेत सोडायची.

तिथल्या कर्मचाऱ्याने डब्यात डोकावून मान हलवली. हे अमेरिकेतले, मिसिसिपी नदीकडचे. डोळ्यामागचा लांबट लाल पट्टा ही त्याची खूण. बाजारात रुपयाएवढे विकतात, वाढून फूटभर होते. नदीत सोडले तर मिळेल ते खाते, आपल्या कासवांच्या उन्हाला बसायच्या जागा बळकावते, रोगही नेते.

गंगेतल्या छप्पर कासवालाही डोळ्यामागे तांबूस डाग असतो. नवखा इथेच फसतो. पण त्याच्या पाठीला घराच्या आढ्यासारखी धार असते, मधे टोक वर आलेले. मऊ पाठीचे कासव तर निराळेच. पाठीवर खवल्यांची नक्षी नाही, नुसते कातडे. नाक नळीसारखे, हिरवट डोक्यावर काळ्या तिरक्या रेघा. वाढले की दोन फुटांच्या पुढे जाते. मांसासाठी ते मारतात, पाठीच्या मऊ कडा वाळवून तस्करीने परदेशी धाडतात, म्हणून आज ते संकटात आहे. ही दोन्ही १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. घरी पाळणे, विकणे हा गुन्हा. तीन ते सात वर्षे कैद.

संध्याकाळी नावेतून नदी पाहिली. १९८९ मध्ये रामनगर किल्ल्यापासून मालवीय पुलापर्यंतचे ७ किलोमीटर पात्र कासव अभयारण्य झाले होते. २०२० मध्ये ते रद्द करून प्रयागराज, मिर्झापूर, भदोहीकडचे ३० किलोमीटर पात्र त्यासाठी ठरवले. आम्ही कारकून माणसे, फाइल इकडून तिकडे जाते हे रोज पाहतो. कासवाला बदलीचा हुकूम कोण पोचवणार?

डबा पुन्हा पिशवीत गेला. मुलगी रुसली होती. परतीच्या गाडीत तिने वडिलांना विचारले, "बाबा, आजीला काय सांगायचं?"

"सांग, ते गंगेचं नव्हतं. आता आपल्यालाच सांभाळायचं."

पगार झाल्यावर त्यांनी मोठा टब आणला. तो ठेवायला चाळीच्या गॅलरीत जागा करावी लागली, शेजारणीची दोन बोलणीही खावी लागली.