मामाचा फोन आणि दर्यातली तार
(इयत्ता सातवी)

मनोरी हे माझे आजोळ. ते मुंबईत मोडते, पण तिथे रेल्वे नाही. मालाडहून मार्वेला यायचे आणि होडीने खाडी ओलांडायची. नाहीतर भाईंदर-उत्तनचा लांबचा वळसा. "मुंबईचे गाव म्हणजे इंटरनेट धो धो असेल," असे आमच्या वर्गातल्या मुली म्हणतात. तसे काही नाही बरे का!

2020 साली करोनामुळे शाळा बंद होत्या, तेव्हा मामाकडे एकच फोन होता. ताई दहावीला, तिचे तास फोनवर. दादाला पबजी हवी. आणि मामा तर फोन घेऊनच दर्यावर जाणार, कारण वादळाचा इशारा त्यावर येतो. होडी लांब गेली की रेंज जाते, ती गोष्ट निराळी! मामा पहाटे निघाला की ताईचा त्या दिवशीचा तास बुडाला. मामी म्हणायची, "आधी पोट, मग पुस्तक." मला ते पटत नाही. पण मामाच्या बोंबलांचे कालवण मीसुद्धा बोटे चाटून खाते.

2 सप्टेंबर 2020 रोजी सरकारने पबजीवर बंदी घातली. दादा धड जेवेना. ताई मात्र खूश.

खेळ मध्येच अडकतो त्याला 'लॅग' म्हणतात, असे दादा सांगतो. तो का होतो हे मी गुरुजींना विचारले. त्यांनी फळ्यावर नकाशाच काढला. इंटरनेट आकाशातून येते असे पुष्कळांना वाटते. पण परदेशाशी होणारी त्याची जवळजवळ सारी ये-जा समुद्राच्या तळाशी टाकलेल्या तारांतून चालते. तारेत केसासारखे बारीक काचेचे धागे असतात. त्यांतून प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर धावतो. युरोपपर्यंतची तार 10,000 किलोमीटर धरली, तर जाऊन-येऊन 20,000. म्हणजे सेकंदाचा दहावा भाग गेला. तेवढ्यात समोरच्याची गोळी लागलीसुद्धा! म्हणून खेळ चालवणारा मोठा संगणक जवळच्या शहरात असला तर बरे.

यातल्या काही तारा वर्सोव्याला, म्हणजे कोळ्यांच्या वेसाव्याला, किनाऱ्यावर येतात. मनोरीहून दक्षिणेला, मढच्या पलीकडे. जगात वर्षाला दीडशे-दोनशे वेळा अशा तारा बिघडतात, आणि बहुतेक वेळा कारण असते जहाजाचा नांगर नाहीतर मासेमारी. जानेवारी 2008 मध्ये इजिप्तजवळ तारा तुटल्या आणि इकडे भारतात इंटरनेट मंदावले.

मामाला हे सांगितले तर तो म्हणाला, "माहीत हाय गो. दर्यान तार हाय, नांगर जपून टाकाचा." ज्याच्या घरात एकच फोन, त्याने साऱ्या जगाची तार सांभाळायची!

आता घरात दोन फोन आहेत. एक होडीवर जातो. दुसऱ्यावर आधी ताईचा कॉलेजचा अभ्यास, आणि रात्री नऊनंतर दादाचा खेळ.