सरकार पक्षातर्फे

मी सरकारी वकील झाले तेव्हा माझ्या जासई गावात बऱ्याच जणांना ते रुचलं नव्हतं. जमीन संपादनाविरुद्धच्या लढ्यात, १६ आणि १७ जानेवारी १९८४ च्या पोलीस गोळीबारात, आमच्या उरण भागातले पाच शेतकरी हुतात्मा झाले. त्या लढ्याचे नेते दि. बा. पाटील जासईचेच, आणि स्वतः वकील. ‘दिबांच्या गावची पोर पोलिसांची बाजू मांडणार?’ असं एका काकांनी तोंडावर विचारलं.

मुंबईच्या दंडाधिकारी न्यायालयात काम करताना त्याचं उत्तर मिळत गेलं. सरकारी वकील पोलिसांचा वकील नसतो. महाराष्ट्रातल्या सरकारी वकिलांना पोलीस खात्यापासून वेगळं काढा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्ये दिला, तो त्यासाठीच.

एका चोरीच्या खटल्यात पंच साक्षीत म्हणाला, ‘सही ठाण्यात घेतली, माल मी पाहिलाच नाही.’ अशा वेळी साक्षीदार फितूर झाला म्हणून त्याची उलटतपासणी घ्यायचा रिवाज. मी मुद्देमालाचं पाकीट मागवलं. लाखेचं सील जागेवर होतं, पण लेबलावर पंचाची सहीच नव्हती. ते मी न्यायालयाच्या नजरेस आणलं. आरोपी सुटला. तपास अधिकारी बरेच दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

जिल्हा न्यायाधीशपदाच्या थेट भरतीत वकिलाला सात वर्षांची वकिली लागते. सरकारी वकिलाची नोकरी त्यात धरावी, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये स्पष्ट केलं. मी परीक्षा दिली आणि न्यायाधीश झाले.

यशवंत विष्णू चंद्रचूड याच वाटेनं गेले. मुंबई उच्च न्यायालयात सरकारी वकील, १९६१ मध्ये तिथंच न्यायमूर्ती, पुढे सरन्यायाधीश. निवृत्तीच्या आदल्या दिवशी, १० जुलै १९८५ रोजी, त्यांनी मुंबईच्या पदपथवासीयांचा निकाल दिला. पदपथ मोकळे करायची मुभा महापालिकेला मिळाली, पण उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कातच येतो, हेही त्यात लिहिलं गेलं. शेती संपादनात गेलेल्या घरातली मी. तो निकाल वाचताना डोळे भरून आले होते.

आता गावातल्या मुली न्यायाधीशपदाची तयारी करतात. त्यांना मी सांगते, जमल्यास आधी सरकार पक्षात काम करा. सरकारचा कागद कुठे उणा पडतो हे तिथं आतून कळतं, आणि समोरच्या पिंजऱ्यात उभा असलेला माणूस पुष्कळदा त्याच उणिवेच्या आधारानं वाचणार असतो.