खूण मिळून आली नाही

रविवारी सकाळी आठ वाजता एका बंद दुकानाच्या पार्किंगमध्ये मी दिव्याच्या खांबापाशी उकिडवा बसलो होतो. खांबाच्या बुडाशी नटबोल्ट झाकायला पत्र्याचं एक चौकोनी झाकण असतं. ते वर सरकतं, हे मला वयाच्या सहासष्टाव्या वर्षी कळलं.

"आजोबा, उचला आणि आत हात घाला," अकरा वर्षांची नात म्हणाली.

हात काही पुढे जाईना. रेल्वेच्या फलाटावर 'कोणत्याही बेवारस वस्तूला हात लावू नका' हे ऐकत जन्म गेला, आता बेवारस वस्तू शोधत फिरायचं म्हणजे काय! शेवटी तिनंच झाकण वर केलं. आत कॅमेऱ्याच्या रिळाची काळी डबी होती, डबीत कागदाची सुरळी आणि सुरळीवर अनोळखी माणसांची नावं न् तारखा. नातीनं खाली आपलं नाव लिहिलं, सुरळी गुंडाळून डबी होती तशी ठेवली आणि झाकण दाणकन खाली सोडलं.

"झालं?"

"झालं."

"पण मिळालं काय?"

"सापडलं ना, आजोबा!"

जिओकॅशिंग नावाच्या प्रकाराशी माझी ओळख झाली ती अशी. लेकीकडे सहा महिन्यांसाठी ऑरेगन राज्यात, पोर्टलंडजवळच्या हिल्सबरो गावी आलो होतो. लेक-जावई कामावर, शाळेला सुट्टी आणि घरात एक रिकामा म्हातारा. नातीला गडी हवाच होता.

माझं आयुष्य भूमी अभिलेख खात्यात गेलं. मी मोजणीदार. शंकू-साखळीपासून सुरुवात केली आणि निवृत्तीपर्यंत बांधावरची भांडणं मोजली. त्यामुळे नातीनं फोनवर अक्षांश-रेखांश दाखवले तेव्हा वाटलं, हा तर आपलाच धंदा. अंश, मिनिटं आणि मिनिटाचे तीन दशांश. मनातल्या मनात हिशेब केला: अक्षांशाच्या मिनिटाचा हजारावा भाग म्हणजे साधारण १.८५ मीटर. वा! पण प्रत्यक्ष झाडीत शिरलो आणि फोनवरचा बाण वेड्यासारखा फिरायला लागला. उंच डग्लस फरच्या गर्दीत उपग्रहाचा संदेश नीट पोचत नाही.

"पाच मीटर इकडेतिकडे होतं," नात म्हणाली. "त्यानंतर डोळ्यांनी शोधायचं."

आमच्याकडे पाच मीटरांत दोन पिढ्यांचं दिवाणी प्रकरण मावतं, हे मी तिला सांगितलं नाही.

या खेळाचं जन्मस्थान तिथून तासाभराच्या अंतरावर आहे. उपग्रहांवरून येणाऱ्या नागरी जीपीएस संदेशात अमेरिकन सरकार मुद्दाम चूक मिसळत असे. अचूक मापन फक्त लष्करासाठी होतं. २००० सालच्या मे महिन्याच्या सुरुवातीला राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या आदेशानं ती मिसळ बंद झाली आणि सामान्य माणसाच्या हातातलं यंत्र एका रात्रीत कितीतरी पटींनी अचूक झालं. लगेच ३ मे रोजी डेव्ह उल्मर या गृहस्थांनी पोर्टलंडच्या दक्षिणेकडे, बीव्हरक्रीक गावाजवळ, रस्त्याकडेला एक काळी बादली ठेवली आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर जाहीर केले. बादलीत पुस्तकं, सॉफ्टवेअर, एक गलोल आणि घेवड्याच्या दाण्यांचा बंद डबा होता. नियम एवढाच, की काही घ्या, काही ठेवा आणि वहीत नोंद करा. माइक टीग यांना ती सर्वांत आधी सापडली. आज जगभरात अशी तीस लाखांहून जास्त ठिकाणं आहेत. मूळ बादली मात्र राहिली नाही. त्या जागेपाशी आता एक स्मृतिफलक आहे.

पहिल्या आठवड्यात मी बावळटासारखा मागे मागे फिरलो. या खेळाडूंची भाषाही निराळीच. ज्याला हा खेळ ठाऊक नाही तो 'मगल'. शब्द हॅरी पॉटरमधून उचललेला. मगल जवळ आला की बुटाची नाडी बांधायचं सोंग करायचं. डबा करंगळीच्या नखाएवढा असेल तर 'नॅनो'. शोध किती अवघड आणि वाट किती बिकट, याला एक ते पाच असे वेगवेगळे गुण. एकदा मी लेकीच्या बागेतलं खुरपं पिशवीत घालून निघालो, तर नात भडकलीच. "पुरायचं नसतं, आजोबा! आणि खणायचं तर नसतंच नसतं." खुरपं घरी ठेवून यावं लागलं. तीन तीन पानांची ती चकचकीत झुडपं 'पॉयझन ओक' असतात, खाजकुइली परवडली असं अंग उठतं, हेही तिनंच सांगितलं.

एक नियम मात्र ऐकताक्षणी आवडला. दोन डब्यांमध्ये किमान एक दशांश मैल, म्हणजे १६१ मीटर अंतर हवं. एक दशांश मैल म्हणजे ५२८ फूट. आमची मोजणीची साखळी ३३ फुटांची. ३३ बाय ३३ फुटांचा गुंठा त्याच मापावर बसलेला. ५२८ भागिले ३३, बरोबर सोळा. सोळा साखळ्या! मी आनंदानं ओरडलो. नातीला त्यातलं काहीही कळलं नाही.

पण मोजणीदाराच्या मनात एक किडा असतो, तो वळवळायला लागला होता. जागा कोणाची?

"त्या खांबाखाली डबी ठेवली, ती दुकानवाल्याला विचारून का?"

"ठेवणाऱ्यानं परवानगी घ्यायची असते. तसं टिक करावं लागतं. मग एक स्वयंसेवक तपासतो आणि नंतरच ती नकाशावर येते."

"तो स्वयंसेवक जागेवर येऊन बघतो?"

नात गप्प. संमतीपत्र नाही, पंचनामा नाही, नुसती टिक. अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांत विनापरवानगी डबा ठेवता येत नाही. तिथे बहुतेक ठिकाणी डब्याविना खेळतात. जागेवर जायचं, खडक किंवा धबधबा निरखायचा आणि प्रश्नांची उत्तरं पाठवायची. जंगलात डब्यासाठी गेलेल्यांच्या पावलांनी शेवाळ तुडवलं जातं, नसलेली पायवाट तयार होते. आणि जागेच्या मालकाला पत्ता नसला की काय होतं, याचाही दाखला आहे. २०११ साली इंग्लंडमधल्या वेदरबी गावात असा एक डबा कोणाला तरी बॉम्ब वाटला. रस्ता रिकामा करून लष्कराच्या पथकानं तो उडवला.

माझ्यावर पाळी आली ती एवढी मोठी नव्हती, पण घाम फोडणारी होती. एका बागेत नात पाणी प्यायला गेली आणि मी एकटाच झुडपात वाकून हात घालत होतो. दहा पावलांवर मुलांचे झोपाळे. कुत्रं घेऊन निघालेल्या एक बाई थांबल्या आणि गोड आवाजात म्हणाल्या, काही मदत हवी आहे का? त्या प्रश्नाचा खरा अर्थ 'तुम्ही कोण आणि इथे काय करताय' असा आहे, हे समजायला इंग्रजी लागत नाही. मी म्हणालो, डबा शोधतोय. कसला डबा? माहीत नाही. कोणाचा? तेही माहीत नाही. शेवटी नात धावत आली, फोन दाखवला, तेव्हा बाई हसल्या. मीही हसलो. पण घरी येईपर्यंत शर्ट पाठीला चिकटलेला होता. लेक म्हणाली, "बाबा, यापुढे एकट्यानं झुडपात जायचं नाही." मुलांच्या खेळण्याजवळ डबे ठेवू नयेत असं मग मीच नातीला सुनावलं. ती म्हणाली, बरेच जुने खेळाडूही तेच म्हणतात.

त्यानंतर घेतला तो जंगलातला मोठा डबा. वर्णनात लिहिलं होतं: लष्करी काडतुसांची जुनी पेटी, मोडक्या बुंध्याच्या पोटात. बुंधा सापडला, पोट रिकामं. तासभर शोधून नातीनं तोंड पाडून फोनवर नोंद केली, 'डीएनएफ'. म्हणजे सापडलं नाही. तिला लाज वाटत होती. मी म्हटलं, "अगं, आमच्या कागदात आम्ही हेच लिहायचो, हद्दीची खूण मिळून आली नाही. न मिळाल्याची खरी नोंद केली, की मागून येणाऱ्याचं काम सोपं होतं."

रात्री मी तिला जुन्या नोंदी वाचून दाखवायला सांगितल्या, जुनी टिपणं वाचावीत तशा. दोन वर्षांपूर्वीपर्यंत सगळे बुंध्याचा उल्लेख करतात. मग एक जण लिहितो, 'ओंडक्याखाली, मस्त लपवलंय.' नंतरचे सगळेच ओंडका म्हणतात. खूण सरकली होती!

दुसऱ्या दिवशी बुंध्यापासून पावलं मोजत गोल फिरलो. पूर्वेला नवव्या पावलावर आडवा ओंडका, त्याच्या एका कडेचं शेवाळ घासलेलं. नेच्याची पानं बाजूला केली आणि हिरवी पेटी दिसली. नातीनं अशी किंकाळी मारली की आसपासचे सगळे मगल गोळा व्हावेत.

पेटीत जाड वही, पेन्सिल, प्लास्टिकचा डायनासोर, गोट्या. मी खिशातून चिक्की काढली. "खायचं ठेवायचं नसतं, आजोबा, वासानं प्राणी येतात." पहिल्या बादलीत घेवड्याचा डबा होता, त्याचं काय, असं विचारणार होतो, पण चिक्की आम्ही तिथेच खाल्ली आणि पेटीत एक रुपयाचं नाणं ठेवलं.

मग पेच पडला. पेटी उचलून बुंध्यात, मूळ जागी ठेवावी, असं माझ्या हाताला फार वाटत होतं. रात्रीतून बांधाचे दगड सरकवणारी माणसं मी जन्मभर पाहिली. इथे तर कोणीतरी निष्काळजीपणानं खूण हलवली होती आणि नंतरच्या प्रत्येकानं ती प्रामाणिकपणे चुकीच्याच जागी परत ठेवली होती.

"नाही," नात म्हणाली. "जिथे सापडली तिथेच ठेवायची. ज्यानं लपवली त्याला कळवायचं. त्यानंच मुद्दाम हलवली असली तर?"

छत्तीस वर्षांच्या नोकरीत मी नव्या पोरांना हेच शिकवलं होतं. अर्जदार आणि लगतचे कब्जेदार हजर नसताना दगडाला हात लावायचा नाही.

वही मांडीवर घेतली आणि मराठीत लिहिलं: 'पेटी मिळून आली. मूळ जागेपासून पूर्वेस अंदाजे २२ फूट. जागेवर ठेवली. मालकास कळवले.' खाली सही केली, तारीख घातली. नातीनं तेवढंच इंग्रजीत फोनवर टाकलं आणि विचारलं, "आजोबा, पुढे हुद्दा का लिहिलात?"