हेड उघडले तेव्हा

डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवेला सुमारे विसाव्या हिश्शाएवढ्या जागेत कोंडतो, ती हवा दाबानेच तापते आणि तिच्यात फवारलेले डिझेल पेट घेते. हा दाब रोखून धरणारी वस्तू म्हणजे हेड आणि ब्लॉक यांच्यामध्ये चिमटलेली पातळ गॅस्केट. ज्वाला, पाणी आणि तेल यांना एकमेकांच्या वाटेला जाऊ न देणे एवढेच तिचे काम.

१९९४ च्या उपवासकाळात आमच्या वसईच्या घरी ॲम्बॅसडरची गॅस्केट गेली. बाबा निवृत्त फिटर. ही जुनी डिझेल गाडी त्यांनी मिरवण्यासाठी घेतली नव्हती. रात्रीअपरात्री आजाऱ्याला किंवा अडलेल्या बाळंतिणीला इस्पितळात न्यायला आमच्या आळीत दुसरे वाहन नव्हते. अशा वेळी गाडी माझा मावसभाऊ चालवी. रेडिएटरचे पाणी रोज कमी होऊ लागले, तेलाच्या झाकणाखाली सायीसारखा पांढरट थर दिसू लागला, तेव्हा दोष साहजिकच त्याच्या माथी आला. बाबांनी किल्ली परत मागितली. त्याने ती मुकाट्याने टेबलावर ठेवली. मी तेथेच बसलो होतो.

खरे काय ते मला ठाऊक होते. तीन आठवड्यांपूर्वी ठाण्याला मुलाखतीसाठी जाताना गायमुखाच्या चढावर उष्णतेची सुई पार टोकाला गेलेली मी पाहिली होती. पंख्याचा पट्टा सैल झाला होता. उशीर होईल म्हणून मी थांबलो नाही. उलट, पोहोचल्यावर तापलेल्या इंजिनात थंडगार पाणी ओतले. नोकरी मिळाली नाही ती नाहीच.

रविवारी बाबा हत्याराला हात लावीत नसत. झावळ्यांचा रविवार उलटला आणि सोमवारी सकाळी अंगणातल्या आंब्याखाली आम्ही बॉनेट उघडले. पाणी काढले, नोझलच्या नळ्या सोडवून त्यांच्या तोंडांना स्वच्छ चिंध्या बांधल्या. डिझेलच्या पंपाला धुळीचा कणही खपत नाही. आठही पुशरॉड बाबांनी बुटांच्या खोक्याच्या झाकणाला भोके पाडून क्रमाने खोवल्या. हेडचे नट कडेकडून मध्याकडे थोडे थोडे ढिले केले आणि ते बिडाचे धूड आम्ही दोघांनी उचलून गोणपाटावर ठेवले. दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मध्ये गॅस्केट जळून काळी पडली होती. तिचे चिकटलेले तुकडे मी खरवडून फुंकरीने उडविले. त्या काळच्या गॅस्केटमध्ये ॲस्बेस्टॉस असे. आज ती धूळ कोणी मुद्दाम उडविणार नाही.

बाबांनी हेडच्या तोंडावर पोलादी पट्टी आडवी धरली आणि फटीत फीलर गेजचे पाते सारले. जाडसर पातेही सहज आत गेले. हेड वाकले होते. ते बराच वेळ पट्टीकडेच पाहत राहिले.

"हे एकाएकी होत नाही," ते म्हणाले. "कोणीतरी खूप तापवली आहे."

"मी तापवली," मी म्हणालो. गायमुख, मुलाखत, थंड पाणी, सगळे सांगितले. पापनिवेदनाच्या जाळीआड हे मी सांगून झाले होते; येथे जाळी नव्हती.

बाबा रागावले नाहीत. हात पुसत एवढेच म्हणाले, "किल्ली मी मागितली होती. द्यायला मात्र तू जायचं."

मी लगेच गेलो नाही. हेड सपाट करून आणायला दोन दिवस गेले, त्याचा मी आडोसा घेतला. गुरुवारी नवी गॅस्केट बसविली. नट मधून बाहेर, तीन फेऱ्यांत आवळायचे. एका बाजूने घाई केली की सपाट केलेले हेडही नीट बसत नाही. हातपंपाने नळीतली हवा काढली, हीटर प्लग तापू दिले, आणि खोकत खोकत इंजिन चालू झाले. शुक्रवार क्रूसाच्या वाटेत गेला. शनिवारी इंजिन पुन्हा तापवून, निववून, नट एकदा आवळायचे होते आणि टॅपेटची फट मोजायची होती.

त्या सकाळी मी मावशीच्या घरी गेलो. मावसभाऊ विहिरीवर होता. मी बोलत असता तो दोर ओढीतच राहिला. दोन कळशा भरल्या, तरी त्याने वर पाहिले नाही. मग तो माझ्याबरोबर निघाला.

अंगणात मी किल्ली पुढे केली. ती त्याने घेतली नाही. "आधी टॅपेट बघू," म्हणाला, आणि माझ्या हातातले फीलर गेज काढून घेऊन तो बॉनेटवर वाकला.