खोक्यांवरचे आकडे

बस्टर कीटनचा ‘वन वीक’ पहिल्यांदा पाहिला तो शाळेच्या हॉलमध्ये, सतरंजीवर बसून. १९२० सालचा दोन रिळांचा मूकपट. नवरानवरीला लग्नाचा आहेर म्हणून घर मिळतं, तेही सुटं, खोक्यांत भरलेलं. आकड्यांच्या क्रमानं जोडत जायचं. नवरीनं नाकारलेला एक माणूस गुपचूप त्या खोक्यांवरचे आकडे बदलतो, एकाचा चार करतो, तिनाचा आठ. मग जे उभं राहतं त्याला घर म्हणायचं ते केवळ हौस म्हणून! दारं भलतीकडे, भिंती वाकड्या.

आम्ही पोरं हसून लोळलो. पण मला घोर लागला होता तो त्या बदमाशाचा. पकडणार कधी त्याला? सिनेमा संपला आणि मी चक्क चिडलो.

पुढे फिल्म सोसायटीत पाहिला तेव्हा तोंडात सगळी जाणकारी भाषा. वादळात गरगरणारं घर खरोखर फिरत्या चौथऱ्यावर बांधलेलं होतं, शेवटची आगगाडी खेळण्यातली नव्हे, हे मी शेजारच्याला न विचारता सांगितलं. त्याची मजा थोडी घालवलीच असणार.

आमच्या घराचं बांधकाम झालं त्या वर्षी मात्र सिनेमा वेगळाच दिसला. जिना एका फुटानं चुकला होता. गवंडी म्हणे नकाशा चुकीचा, नकाशावाला म्हणे गवंडी, आणि आम्ही दोघं एकमेकांना म्हणत होतो, तुझंच लक्ष नव्हतं. इकडे पडद्यावर कीटन आणि त्याची नवरी झालेली सिबिल सीली. आकडे बदललेत हे त्यांना अखेरपर्यंत कळत नाही. तरी दोघांपैकी कुणी दुसऱ्याकडे बोट दाखवत नाही. छप्पर गळतं, पाहुणे भिंतींवर आपटतात, वर कळतं की घर भलत्याच प्लॉटवर बांधलंय. मग ते ओढत न्यायचं, तर ऐन रुळांवर अडकतं. समोरून येणारी गाडी शेजारच्या रुळावरून निघून जाते. हुश्श म्हणेपर्यंत उलट दिशेची दुसरी येते आणि घराचा चुरा!

या दुसऱ्या गाडीचं कौतुक सगळेच करतात. माझं मत विचाराल तर खरी कमाल त्यानंतर आहे. ढिगाऱ्यावर ‘विकणे आहे’ची पाटी लावून तो बायकोचा हात धरून निघतो, थबकतो, परत येतो आणि घर जोडायच्या सूचनांचा कागद पाटीला अडकवतो. कारण कागद बरोबरच होता, अशी त्याची अजून खात्री आहे.