आधी तू हो बाजूला

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांसाठी डेडलॉक म्हणजे परीक्षेतला पाच मार्कांचा प्रश्न. डायक्स्ट्राने १९६५ मध्ये तो घातला होता तोही परीक्षेतच! जेवायला बसलेले तत्त्वज्ञ आणि अपुरे काटे नंतर आले. पण खरा डेडलॉक बघायचा तर चाकणला एखाद्या गाड्यांच्या कारखान्यातलं वेल्ड शॉप गाठावं. मी कामानिमित्त महिनाभर होतो.

मधे गाडीचा सांगाडा, दोन्ही बाजूंना स्पॉट वेल्डिंग करणारे रोबो. दोघांना एकाच दाराच्या चौकटीत हात घालायचा असतो, आणि शेजारी दुसरा आहे हे त्यांना दिसत नाही बरं का. म्हणून जागेचे झोन पाडतात. आत शिरण्याआधी रोबो पीएलसीला विचारतो, रिकामा असेल तर शिरतो, बाहेर पडला की कळवतो. (एवढ्या महागड्या यंत्रांचं सगळं सौजन्य एका बिटावर!)

आता पहिला झोन एकमध्ये उभा, त्याला हवाय दोन. दुसरा दोनमध्ये, त्याला हवाय एक. बिघाड कुठलाच नाही. दोघंही शहाण्यासारखे वाट बघतायत. पेठेतल्या बोळात समोरासमोर आलेल्या दोन रिक्षा आठवा, फक्त शिव्या वगळून.

आपण अशा वेळी एक प्रोसेस मारून टाकतो, लॉक सुटतं. इथे प्रोग्राम मारला तरी हात चौकटीच्या आतच! मग रात्रपाळीचा माणूस टीच पेंडंट घेऊन कुंपणाच्या आत जातो आणि तो हात हळूहळू बाहेर काढतो. वेग सेकंदाला २५० मिलिमीटरच्या आत बांधलेला, कारण तो स्वतः तिथे उभा असतो. आधी कुठला हात काढायचा हे त्याला माहीत असावंच लागतं.

उपाय जुनाच आहे. झोनना क्रमांक द्या, लहान क्रमांक आधी मागा. चक्र तयारच होत नाही. कधीकधी रोबो उगाच थांबतो, सायकल टाइममधला एखादा सेकंद जातो, आणि मीटिंगमध्ये तो सेकंद फार मोठा वाटतो. सिम्युलेशनमध्ये हे दोघं भेटतच नाहीत, मग कशाला, असं विचारतात. पण वेल्डिंग गनची टोकं ठरावीक वेल्डनंतर तासून घ्यावी लागतात. त्या फेरीला एक रोबो उशिरा येतो, आणि भेट होते. माझं मत त्या सेकंदाच्या विरोधात.

तिथल्या फोरमनकाकांनी पॅनेलच्या दाराला आतून स्केचपेनने लिहून ठेवलं होतं, कुठल्या झोनमधला हात आधी काढायचा ते. फोटो काढू का विचारलं, तर म्हणाले, "मोबाईल आत चालत नाही साहेब, उतरवून घ्या."

घेतलं.